बेळगाव पट्ट्यात गार-गोड खायला गाडी काढताय? मग हे आधी वाचा

पुण्या-मुंबईहून गोव्याला निघालेली गाडी बेळगावात थांबते ती डिझेल भरायला नाहीतर जेवायला, आणि हायवेच्या हॉटेलात काउंटरवरून कुंद्याचा (दूध आटवून केलेली इथली मिठाई) एक डबा उचलला की ह्यांचं बेळगाव झालं. बाकी निपाणी, संकेश्वर, गोकाक, खानापूर, अथणी ही सगळी नावं फक्त हिरव्या पाटीवर वाचायची आणि पुढं सुटायचं. मग घरी जाऊन आम्हाला मेसेज करतात, अरे तुमच्याकडं काहीतरी हटके आईस्क्रीम, लोकल काही मिळतंय काय, पुढच्या वेळी सांग. तर हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, नवीन माणसानं गाडी काढून कसं निघायचं, कुठं थांबायचं, काय बघून मागवायचं.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. हटके म्हणजे तुमच्या डोक्यात लसणाचं, कोळशासारखं काळंभोर, धूर निघणारं असलं काही असेल तर ते पुण्यातच खा, तिकडं चांगलं मिळतंय. इकडच्या छोट्या गावात जे वेगळं असतं ते पाटीवर लिहिलेलं नसतं. ते दुधात असतं आणि हंगामात असतं. म्हणून मेनूकार्ड बघून मागवायचं नाही, विचारून मागवायचं.

१. आधी महिना धरा, रस्ता नंतर

ऑक्टोबर-नोव्हेंबरला सीताफळ. ताज्या गराचं सीताफळ आईस्क्रीम आणि एसेन्सवालं ह्यात फरक लगेच कळतो, गराच्यात जिभेला रवाळ लागतं आणि एखादी बी सुद्धा चुकून सापडते, बी सापडली तर भांडू नका, खूश व्हा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाचा सीझन, म्हणजे रसाची चरकं जोरात आणि आतल्या रस्त्यांना गुऱ्हाळं चालू. फेब्रुवारी ते एप्रिल अथणीकडं द्राक्षं. एप्रिल-मे म्हणजे आंबा, फणस आणि खानापूर-जांभोटी बाजूला करवंदं, काजूची बोंडं, मग जूनच्या तोंडावर जांभूळ.

पावसाळ्याचं थोडं वेगळं सांगायचंय. जुलै ते ऑक्टोबर गोकाकचा धबधबा भरलेला असतो, घटप्रभा नदी ५२ मीटर खाली कोसळते, त्यामुळं गर्दी तेव्हाच होते आणि लोकं भिजून आल्यावर आईस्क्रीम मागतात. पण विचार करा, पावसात छोट्या गावात आईस्क्रीम खपतंय कुठं? फ्रीझरमधला माल पडून असतो, वर लाईट जाते-येते, आणि वितळून परत गोठलेलं आईस्क्रीम तुमच्या हातात येतं. म्हणून पावसाळ्यात गारवाल्या गोष्टी बेळगाव शहरातच खा जिथं खप आहे, बाहेर गरम खा. मिरची भजी, गिरमिट (चिरमुऱ्यांचा चटपटीत प्रकार), गरम कुंदा.

२. तीन रस्ते, ह्यातला एकच निवडा

पहिला सोपा, कोल्हापूरहून कागल, निपाणी, संकेश्वर, बेळगाव. हायवे आहे, टोल लागतात (कोगनोळी आणि हत्तरगी), फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. हायवेवरून गावात शिरलात तरच काहीतरी मिळेल हे लक्षात ठेवा. निपाणी बायपासवरून गेला तर तुम्हाला फक्त फूडमॉल दिसणार, जे सगळ्या देशात सारखेच.

दुसरा संकेश्वरहून आत वळायचं, हुक्केरी, घटप्रभा करत गोकाक, तिथून बेळगाव. मला विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्यानं हाच करावा, कारण धबधबा, झुलता पूल, करदंट (डिंक-गूळ-सुकामेव्याची वडी) आणि रस्त्यात उसाची शेतं असं सगळं एका दिवसात बसतं. तिसरा बेळगावहून दक्षिणेला खानापूर नाहीतर जांभोटीवरून चोर्ला घाट, हा जंगलाचा रस्ता, इथं पार्लर वगैरे शोधू नका, उन्हाळ्यात रस्त्याकडेला बायका पानाच्या द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन बसतात तेच खायचं. मोबाईलला रेंज नसते बऱ्याच ठिकाणी, त्यामुळं क्यूआर कोडच्या भरवशावर राहू नका, दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा.

चौथा पण आहे खरं म्हणजे, चिक्कोडी, रायबाग, अथणी, पण तो गोडापेक्षा कडक भाकरी, शेंगाचटणी आणि अथणीच्या चपलांसाठी. वाटेत चिंचलीला मायाक्काची जत्रा असते, साधारण फेब्रुवारीच्या आसपास, तेव्हा गेलात तर जत्रेतलं खायला मिळेल आणि ट्रॅफिकमध्ये अडकायला पण. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराचं तसंच, पौर्णिमेला तिकडं जाताना कॅलेंडर बघूनच जायचं.

३. गाडी थांबवली, आता बघायचं काय

हातगाडीवरची मटका कुल्फी बघा आधी. लाल फडकं गुंडाळलेलं मडकं, आत बर्फ आणि जाडं मीठ, त्यात टोपण लावलेले पत्र्याचे साचे उभे रोवलेले. मीठ कशाला, तर बर्फात मीठ पडलं की त्याचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, नुसत्या बर्फानं दूध गोठत नाही. कुल्फीवाला साचा काढतो, दोन तळव्यांमध्ये धरून गरागरा फिरवतो, टोपण काढून काडी खुपसतो आणि एका झटक्यात बाहेर. ती तोंडात घालायच्या आधी क्षणभर बघा, कडेला वितळलेल्या दुधाचा पिवळट थर असेल तर दूध आटवलेलं आहे. पांढरीफटक आणि काचेसारखी चकचकीत असेल तर पाणी जास्त. चावल्यावर कुरकुर वाजली म्हणजे पण तेच.

कुल्फी जड का लागते हे पण सांगतो, कारण नवीन माणूस दोन खातो आणि मग जेवणाच्या वेळी पोट धरून बसतो. आईस्क्रीम मशीनमध्ये घुसळताना त्यात हवा भरली जाते, कुल्फी घुसळत नाहीत, दूध आटवून तसंच गोठवतात, त्यामुळं तेवढ्याच आकारात माल जास्त. त्यात आमच्याकडं म्हशीचं दूध, ज्यात फॅट गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतं. दोघात एक घ्या, आवडली तर दुसरी आहेच की.

पार्लरमध्ये गेलात तर कपावर काय छापलंय ते वाचा. "आईस्क्रीम" लिहिलंय की "फ्रोझन डेझर्ट". आईस्क्रीममध्ये दुधाचं फॅट असतं (नियमाप्रमाणे साध्या आईस्क्रीमला किमान १० टक्के), फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेलाचं फॅट चालतं. खाऊ नये असं नाही माझं म्हणणं, पण एवढ्या लांब म्हशीच्या दुधाच्या गावात येऊन पामतेल कशाला खायचं? दुसरं, झाकण काढल्यावर वर बर्फाचे बारीक काटे दिसले, किंवा आईस्क्रीम कडेपासून सुटून आत बसलेलं दिसलं, तर ते वितळून परत गोठलंय, शांतपणे परत द्या आणि दुसरं मागा. आवाज चढवायची गरज नाही, दुकानदाराला पण माहीत असतं.

सीमाभागाची एक गंमत आहे. वरून कोल्हापूरचं कॉकटेल खाली उतरतंय आणि खालून मंगळूर-उडुपीचं गडबड वर चढतंय, आणि बेळगावात दोघांची गाठ पडते. कॉकटेल ऐकून दचकू नका, त्यात दारू नाही, फळांचे तुकडे, घट्ट दूध, वर आईस्क्रीम, असं सगळं. गडबड म्हणजे उंच ग्लासात दोन-तीन फ्लेवरचे गोळे, मधे जेली, फळं, काजू-बेदाणे थरावर थर. पहिल्यांदा खाताना लोकं वरून वरून खात येतात आणि तळाला गेल्यावर नुसता रंगीत रस्सा उरतो. लांब दांड्याचा चमचा थेट तळापर्यंत घाला आणि उभा वर ओढा, प्रत्येक घासात सगळं आलं पाहिजे. एक ग्लास दोघांत पुरतो, दुकानदार दुसरा चमचा न मागता देतो.

बर्फाचा गोळा, गारीगार, प्लॅस्टिकच्या नळीतली पेप्सी ह्यांच्याबद्दल माझं मत असं की लहानपणी इकडं वाढलेल्यांनी खावं, नवीन पोटानं जरा सांभाळून. गोळ्याचा बर्फ कुठून येतो विचारा. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा असा नियम आहे, पण रंग नाही म्हणजे चांगलाच असं नसतं. रसाच्या चरकावर पण हेच, "बर्फ न घालता द्या" म्हणायचं, आणि ऊस चरकात घालताना आलं-लिंबू सोबत पिळून घ्यायला सांगा. बर्फाशिवायचा रस गोड जास्त लागतो म्हणून अर्धा ग्लासच घ्या.

४. कुंदा, करदंट, मांडे

कुंदा डब्यात बघून कळत नाही. शहरात शिरा, खडे बाजार, गणपत गल्ली, कॅम्प, टिळकवाडी, ह्या भागात मिठाईची जुनी दुकानं आहेत, कॅम्पातल्या पुरोहितचं नाव तुम्हाला कुणीही सांगेल. पण नाव कुठलंही असू दे, विचारायचा प्रश्न एकच, "आज कढई कधी उतरली?" कुंदा म्हणजे दूध तासन्‌तास आटवायचं, त्यात थोडं दही घालून फाडायचं म्हणजे दाणा पडतो, मग साखर, आणि मग ढवळत ढवळत तपकिरी होईपर्यंत थांबायचं. ह्या तपकिरी रंगातच सगळी चव आहे. फिकट असेल तर घाई झालीय, काळपट असेल तर खाली लागलंय. चांगल्या कुंद्याचा चमचा भरला की दाणे वेगळे दिसतात, कडेला तूप चमकतं, आणि जिभेवर आधी जरा खरपूस लागतं मग गोड. उलटं लागलं, म्हणजे आधी नुसती साखर, तर पाव किलोऐवजी शंभर ग्रॅमच घ्या आणि पुढच्या दुकानात जा.

चव बघायला मागायला लाजू नका, इकडं कागदावर चमचाभर देतात. फक्त चार दुकानात चव बघून एकाही ठिकाणी न घेता जाणारे पाहुणे आम्हाला माहीत आहेत, तसं करू नका.

आणि आता ज्यासाठी तुम्ही इथवर वाचत आलात ते हटके. कुंदा गरम करा (दुकानात कोमट मिळाला तर उत्तमच) आणि त्यावर साध्या व्हॅनिलाचा एक गोळा. मेनूवर नसतं, तुम्ही स्वतः जुळवायचं, कुंदा एका दुकानातला आणि आईस्क्रीमचा कप शेजारच्या. व्हॅनिलाच घ्या, बटरस्कॉच वगैरे घेतलं तर साखरेवर साखर होते. खालचा गरम दाणा, वरचं वितळणारं दूध, मधे खरपूस चव. गुलाबजाम-आईस्क्रीम ह्यापुढं फिकं पडतं, हे माझं वैयक्तिक मत.

करदंट गोकाकचं. बागलकोट जिल्ह्यातल्या अमीनगडचं पण प्रसिद्ध आहे आणि दोघांत सरस कुठलं ह्यावर वाद घालायचा असेल तर गोकाकात उभं राहून घालू नका. तळलेला डिंक, गूळ, सुकं खोबरं, काजू, बदाम, बेदाणे, खारीक, असं सगळं थापून वड्या पाडतात. दातात अडकतं, डिंक कुटकुट फुटतो, दात हलणाऱ्यांनी चावू नये, चघळावं. घेताना दोन प्रकार बघा, एकात सुकामेवा जास्त आणि एकात गूळ-खोबरं जास्त, भावातला फरक त्यानंच पडतो. गाडीत ठेवायला ह्यासारखा खाऊ नाही, उन्हात वितळत नाही, बरेच दिवस टिकतो, आणि एक तुकडा खाल्ला की तास-दोन तास भूक लागत नाही. बारीक चुरा करून आईस्क्रीमवर टाका, हे पण जमतं.

मांडे मात्र तुम्हाला असेच रस्त्यात मिळायचे नाहीत. ती लग्नकार्यातली गोष्ट, पातळ कणीक हातांवर फिरवत फिरवत रुमालासारखी मोठी करायची, उलट्या कढईवर भाजायची, आत साखर-खव्याचं सारण, आणि गरम असतानाच घडी घालायची कारण गार झाल्यावर कडक होऊन तुटतं. काही दुकानं ऑर्डरीनं करून देतात, म्हणून निघायच्या आधी फोन करा. मिळाले तर वरून तूप, सोबत गरम दूध. नाहीतर मनातल्या मनातच.

५. क्रम चुकवू नका

लोकं सकाळी नाश्त्याला इडली, मग कुल्फी, मग रस, मग कुंदा, मग परत आईस्क्रीम असं करतात आणि दुपारी संकेश्वरच्या पुढं गाडीत सगळे गप्प. गोडावर गोड खाल्लं की तिसऱ्या घासापासून चव कळत नाही. प्रत्येक गोडाच्या आधी काहीतरी तिखट पाहिजे. सकाळी तिखट नाश्ता, अकराच्या सुमाराला रस, दुपारी ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी असं नीट जेवण आणि त्यावर काहीही गोड नाही, ताक प्या. चारनंतर मिरची भजी किंवा गिरमिट (चिरमुऱ्यांना कांदा-टोमॅटोची परतलेली फोडणी लावून वर फुटाण्याचं पीठ आणि शेव, हुबळी-धारवाडकडचं), आणि मग आईस्क्रीम. कुंदा शेवटी, संध्याकाळी, बेळगावात पोचल्यावर. एका गावात एकच गोष्ट खायची हा नियम पाळला तर चार गावं होतात.

दुपारी दोन ते चार बरीच छोटी दुकानं अर्धं शटर ओढून झोपतात. हाका मारू नका. रमजान असेल तर रात्री खडे बाजार-दरबार गल्लीच्या बाजूला चालत जा, गाडी लांब लावा.

६. बोलायचं कसं

बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी चालतंय, कुणी कन्नडमध्ये बोललं तरी मराठीत उत्तर दिलं तर समजून घेतात. गोकाक, रामदुर्ग, बैलहोंगल बाजूला कन्नड जास्त, तिथं चार शब्द आले तर वागणूकच बदलते. "एष्ट्री?" म्हणजे कितीला, "स्वल्प कोड्री" म्हणजे थोडंसं द्या, "साक्री" म्हणजे बस झालं, "ब्याड्री" म्हणजे नको. शेवटचा तो "री" सोडू नका, आपल्या "अहो-जाहो"चं काम तोच करतो. पुरुषाला अण्णा, बाईला अक्का. आमच्या मराठी भागात मामा आणि मावशी.

भाषेवरून कुणी वाद काढला तर त्यात पडायचं नाही, तुम्ही खायला आलाय. १ नोव्हेंबरला शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मोठी मिरवणूक असते आणि मराठी माणसं तोच दिवस काळा दिन म्हणून पाळतात, त्या दिवशी रस्ते बंद, बंदोबस्त, दुकानं उघडी असतीलच असं नाही. तो दिवस सोडून या. सीमेवर वातावरण तापलेलं असेल तर एसटी बंद होतात, स्वतःची गाडी असली तरी निघायच्या आदल्या रात्री बातम्या बघा.

७. घरी काय न्यायचं आणि कसं

आईस्क्रीम नेऊ नका. खरंच नका नेऊ, कोल्हापूरपर्यंत सुद्धा टिकत नाही. फारच हट्ट असेल तर थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ आणि भरपूर जाडं मीठ, कप प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मधोमध, आणि डबा रस्त्यात उघडायचा नाही. दोन-अडीच तास निघतात.

कुंदा गरम असताना झाकण लावून घेऊ नका, आत पाणी सुटतं आणि लवकर आंबतो. दुकानात थोडा गार होऊ द्या, तोपर्यंत पैसे द्या, गप्पा मारा. डिकीत नाही, एसीसमोर पायाशी ठेवा, घरी गेल्यावर लगेच फ्रीजमध्ये, आणि किती दिवस चालेल हे त्याच दुकानदाराला विचारा कारण कुणी साखर जास्त घालतो कुणी कमी. करदंटाला एवढं काही लागत नाही, स्टीलच्या डब्यात टाकलं की झालं. गुऱ्हाळातून काकवी घेतली तर बाटली काठोकाठ भरू नका आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावा. तवंदीच्या घाटात बाटली आडवी झाली तर सीट धुवायला पाणी पुरत नाही.